माझ्या पाठीवरची खोटी अक्षरं

मित्रांनो, मी एक मोटार आहे. वयाने फार जुनी नाही, पण एकदा हात बदलला की मोटारीला जुनीच म्हणतात. मी पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालते. अशा गाडीला हायब्रिड म्हणतात. गल्लीतून हळू निघाले तर माझा आवाजच येत नाही, वाटेत झोपलेली कुत्रीसुद्धा उशिरा उठतात.

कारखान्यात आम्ही बहिणी एकाच रांगेत घडलो. रंग तोच, इंजिन तेच, बॅटरीही तीच. फरक होता तो श्रेणीचा. टॉप मॉडेल म्हणतात त्या बहिणींना सहा एअरबॅग मिळाल्या. एअरबॅग म्हणजे धडक बसताच फुगून माणसाला झेलणारी पिशवी. मला पुढच्या दोनच मिळाल्या, एक चालकासमोर आणि एक त्याच्या शेजारी. दारांच्या वर, जिथे बहिणींच्या पिशव्या दडलेल्या असतात, तिथे माझ्या अंगात नुसती पोकळी आहे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. देवाने जेवढं दिलं तेवढ्यात नीट राहावं.

माझे पहिले मालक पुंडलिकराव, बोरगाव मेघेचे निवृत्त शिक्षक. मला ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय ते चहा घेत नसत. संध्याकाळी कधी सेवाग्रामला प्रार्थनेला जायचे, तेव्हा मला झाडाच्या सावलीत उभी करायचे. शेजारी माझं कौतुक करायचे, म्हणायचे की मास्तरांची गाडी त्यांच्यासारखीच हळू बोलते. पुढे त्यांना नीट दिसेनासं झालं आणि त्यांनी मला जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला दिलं. ही खालच्या श्रेणीची आहे, असं त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. मी ऐकलं आहे.

व्यापाऱ्याच्या आवारात मी धुळीत उभी राहिले. मला कोणी विचारेना. मग एके दिवशी त्याने माझ्या डिकीवरची अक्षरं उपटली आणि तिथे टॉप मॉडेलची चकचकीत अक्षरं चिकटवली. सीटवर जाड नवी कव्हरं चढवली. वरच्या श्रेणीत सीटच्या कडेला एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली असते. कव्हर असलं की ती आहे की नाही, हे कोणाला कळत नाही. मित्रांनो, मला हात असते तर मी ती अक्षरं तेव्हाच काढून फेकली असती.

मग अंकुश आला. पिपरी मेघेत राहणारा, औषधांच्या दुकानात कामाला असलेला साधा माणूस. त्याचा मोठा भाऊ रूपराव दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या रस्त्यावर अपघातात गेला. एका गाडीत तो पुढच्या सीटवर चालकाशेजारी बसला होता आणि ट्रक बाजूने घुसला. रूपरावची मुलगी अपेक्षा आता नागपूरला कॉलेजात शिकते, दर आठवड्याला घरी येते. तिला आणायला-सोडायला बाजूनेही एअरबॅग असलेली गाडी येईपर्यंत मी तोंड गोड करणार नाही, असा नेम तिच्या आजीने, आनंदाबाईंनी, धरला होता. दोन वर्षं त्या माउलीने प्रसादाचा पेढासुद्धा कपाळाला लावून दुसऱ्याला दिला.

अंकुशने व्यापाऱ्याला एअरबॅग किती, असं विचारलं. व्यापाऱ्याने माझ्या पाठीवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. वर म्हणाला, हायब्रिड म्हटल्यावर टॉपच असते. अंकुशला ते पटलं. दाराजवळच्या खांबावर एअरबॅगची कोरलेली अक्षरं शोधायची असतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. तरी कंपनीच्या वर्कशॉपात माझा चेसिस नंबर दाखवायचा, हे त्याने ठरवलं होतं. त्या नंबरवरून खरी श्रेणी कळते. पण दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया होती. वर्कशॉप बंद. आनंदाबाई म्हणाल्या, मुहूर्त कुठं थांबते, गाडी उद्या घरी येऊ दे, नंबर मंग पाह्यजो. आवडलं नाई तर चार दिवसांत परत घेतो, असं व्यापारीही म्हणाला.

अक्षय तृतीया हा आमच्याकडे पितरांचा दिवस. घरात रूपरावच्या नावाने पाण्याची घागर पुजली होती. आनंदाबाईंनी तिच्यातलं पाणी आणून माझ्या चाकांवर घातलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मग त्या माझ्या दारापाशीच पाटावर बसल्या आणि अपेक्षाने त्यांना पुरणपोळीचा पहिला घास भरवला. त्यांनी तो तोंडात तसाच धरून ठेवला. अंकुशची बायको दिपाली डोळे पुसत हसली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, चावा तरी. दोन वर्षांत गोड कसं लागते ते इसरल्या काय?"

दोन दिवसांनी अंकुश मला वर्कशॉपात घेऊन गेला. तिथल्या मुलीने नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि तिने त्याला खालची श्रेणी सांगितली. अंकुशने नंबर पुन्हा टाकायला लावला. पुन्हा तेच. तो बाहेर आला आणि त्याने माझ्या दारांच्या वरचा भाग बोटांनी चाचपला.

तो व्यापाऱ्याकडे जायला निघाला होता, हे मी शपथेवर सांगते. आधी आईला सांगावं म्हणून घरी वळला. आनंदाबाई ओसरीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्याला पाहून म्हणाल्या, "अंकुश, काल रूपराव सपनात आलता. हसून राह्यला होता. म्हणे, माय, आता गोड खात जा."

अंकुश तिथेच बसला. गाडी परत दिली तर पितरांसमोर सोडलेला नेम खोटा ठरणार होता. हसणारा रूपराव पुन्हा जाणार होता. त्याने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. परत देण्याची मुदत गेली.

आता सुट्टी संपली की अपेक्षाला सोडायला आम्ही नागपूरला निघतो. आजी सोबत असतात. अंकुश इतकं हळू चालवतो की मागचे हॉर्न वाजवून थकतात. अपेक्षा म्हणते, "काका, बैल जुंपायचे राह्यले काय?"

परवा निघताना अंकुशने तिला पुढे येऊन बसायला सांगितलं. का ते त्याला आणि मलाच माहीत. माझ्याकडे जे आहे ते पुढेच आहे. आनंदाबाईंनी तिचा हात धरला.

"पुढं नाई. पुढं तिचा बाप बसलता."

"माय, पण..."

"पण काय? तिले मांगं दारापाशी बसू दे. तिथं फुगा हाये ना?"

अंकुशने किल्ली फिरवली.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. जुनी गाडी घेताना तिच्या पाठीवरची अक्षरं वाचू नका. कव्हर उचला, दाराजवळचा खांब पाहा, नंबर दाखवा. आणि हे सारं कुंकू लावायच्या आधी करा. कुंकू लावल्यावर खरं बोलायला माणसाची जीभ उचलत नाही, आणि आम्हा गाड्यांना तर जीभच नसते.

त्या दिवशी नागपूरच्या वाटेवर, बुटीबोरीच्या अलीकडे, अपेक्षाला झोप लागली. तिने डोकं दाराच्या बाजूला टेकलं. आनंदाबाईंनी तिच्या अंगावर आपला पदर घातला आणि निर्धास्त होऊन जप सुरू केला. तिच्या दाराच्या बाजूने एक ट्रक येत होता. तो गेला. त्याच्या मागे दुसरा येत होता.