चिखलाचा मान

इसवी सन १९७१. बँकॉकपासून दूर, यासोथोनजवळच्या एका गावात पावसासाठी आभाळात शोभेच्या दारूचे बाण सोडायच्या सणाला सातवा बाण पेटला आणि मचाणावरच फुसफुसत राहिला. आधी धूर, मग ठिणग्या, मग काहीच नाही. रंगीत कागदाच्या नागानं वेढलेला लांबलचक बांबू जागच्या जागी काळा पडला.

मैदानात हशा पिकला. ज्याचा बाण उडत नाही त्याला चिखलात लोळवायचं, ही तिथली रीतच. बाण ज्याच्या नावावर लागला होता त्या बुनमाचे चार तरुणांनी हातपाय धरले आणि त्याला ढोलाच्या तालावर खड्ड्याकडे नेलं.

"अरे, घड्याळ तरी काढू द्या!" बुनमा ओरडला.

"सोडा त्याला."

चुलींच्या बाजूनं लामयाय येत होती. चोपन्न वर्षांची, ठेंगणी. तिच्या नखांत अजून कोळसा होता.

"जावई म्हणून कळवळा आला का, वहिनी?" मुखिया थोंगडीनं हसत विचारलं.

"बाण त्यानं केला नाही. मी केलाय."

तिचा नवरा खामफान हा पाच गावांतला नावाजलेला बाणकारागीर. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातांना कंप सुटला. तेव्हापासून वाघळांच्या लेंड्यांतून सोरा काढणं, कोळसा कांडणं, बांबूत दारू ठासणं, सगळं लामयायच करत होती, खांबांवरच्या घराखालच्या मोकळ्या जागेत, दिवसाढवळ्या. गावाला ते दिसत नव्हतं असं नाही, बघायचं नव्हतं. गेल्या वर्षी तिचा बाण ढगांत दिसेनासा झाला, तेव्हा लोकांनी खामफानला खांद्यावर घेऊन नाचवलं. ती चुलीपाशी चिकट भात उपसत होती. यंदा खामफानला उभंही राहवेना, म्हणून मुखियानं बुनमाचं नाव लावलं. बुनमानं तो बाण फक्त खांद्यावरून वाहून आणला होता.

तिला याची सवय होती. नव्या वर्षाच्या सोंगक्रानला थोरांच्या हातांवर ओतायचं सुगंधी पाणी तिनं करायचं, वर्षावासाच्या थोरल्या मेणबत्तीचं मेण तिनं मळायचं, बाराव्या पुनवेला नदीत सोडायचे केळीच्या खोडाचे द्रोण तिनं वळायचे, आणि विहारातल्या फळ्यावर नाव खामफानचं. तोवर ती गप्प राहिली होती. पण आजची चूक तिची होती. आग खोलवर पोचावी म्हणून ठासलेल्या दारूत सळईनं छिद्र पाडत असताना तीस पाहुण्यांचा भात चढवायला तिला उठवलं होतं, आणि परत बसल्यावर शेवटची वीत राहून गेली. एवढी एकच गोष्ट तिची होती. तीही आता दुसऱ्याच्या अंगाला फासायला निघाले होते.

"वहिनी, बायकांना चिखलात टाकत नाहीत," मुखिया म्हणाला. "बाईचा हात लागला तर बाण उडत नाही, असं म्हणतात."

"गेल्या वर्षी उडाला की! बुडापासून तोंडापर्यंत माझाच हात होता."

कोणीतरी शीळ घातली आणि अर्ध्यावरच गिळली.

"खामफानदादांच्या अब्रूचा तरी विचार करा," मुखिया म्हणाला.

"छिद्र माझं कमी पडलं, त्यांची अब्रू मध्ये कशाला? उडाला तर नवऱ्याचा, फसला तर जावयाचा. मग माझं काय? खरकटी भांडी?"

मुखियानं भंतेंकडे पाहिलं. भंतेंनी विहाराच्या छपराकडे पाहिलं. लामयायला हात लावायला कोणीच पुढं आलं नाही.

तिनं चपला काढल्या, कडेला नीट जोडून ठेवल्या. मग सारोंग सावरत ती खड्ड्यात उतरली आणि मधोमध जाऊन बसली. कमरेपर्यंत चिखल चढला. ढोल थांबले.

चिखलातून बाहेर येणाऱ्या कारागिराला थोरल्या कारागिरानं भाताच्या दारूचा पेला द्यायचा, ही रीतीची दुसरी बाजू. चटईवर बसलेला खामफान बुनमाच्या खांद्याला धरून उठला. त्यानं स्वतःच दारू ओतली. अर्धी त्याच्याच पायांवर सांडली. कोणी मदतीला आलं, त्याला त्यानं कोपरानं दूर सारलं. खड्ड्याच्या कडेशी वाकून त्यानं पेला पुढं धरला.

"किती कमी पडलं?"

"वीतभर."

"वाटलंच मला," तो म्हणाला. "आवाजावरून."

लामयायनं पेला एका दमात रिकामा केला.

खामफान त्याच वर्षी, नदीत द्रोण सोडायच्या पुनवेआधी गेला. बुनमा बँकॉकला टॅक्सी चालवायला लागला आणि सणाला यायचा राहिला. मुखिया थोंगडी पुढच्या तीन निवडणुका जिंकला. कर्ण्यावर तो मरेपर्यंत 'खामफानच्या घरचा बाण' एवढंच म्हणायचा.

लामयायनं एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत दारू ठासली. तिचे बाण बहुतेक उडाले. तरी दरवर्षी वात पेटायच्या आधी ती खड्ड्याच्या कडेला जाऊन उभी राही, चपला काढून.