पेटीतला रिकामा कोपरा

नॉर्वेच्या पार उत्तरेला, मासळीच्या कारखान्यात काम करणाऱ्या फिलिपिनो मंडळींत पेर्लिताची ख्याती एकच: भात. आठ वर्षं संत पेद्रोच्या सणाला तिच्या वाट्याला भातच येत होता. चिंचेचं आंबट कालवण, सिनिगांग, करायचा मान मनांग दितासचा; मनांग म्हणजे थोरली ताई, आणि दितास साऱ्यांचीच ताई. यंदा मनांग घरच्या पायरीवरून घसरल्या आणि उजवा हात गळ्यात आला.

"कालवण तू कर," त्या म्हणाल्या. "बिघडलं तर माझा हात लागला नव्हता, एवढं सगळ्यांना आधीच सांगून ठेवते."

सणाच्या सकाळी पेर्लितानं कपाट उघडलं. चिंचेच्या पावडरीची बारा पाकिटं गायब.

"पेटीत गेली की," नवरा निकानोर चहा ढवळत म्हणाला. "तूच कोंबलीस."

फिलिपिन्समध्ये दागुपानला घरी पाठवायच्या पेटीत रिकामी जागा सोडणं म्हणजे गावात नाक कापून घेणं. साबण, टॉवेल, डबाबंद मांस भरूनही एक कोपरा उरला होता, आणि हाताला लागेल ते तिनं त्यात दडपलं होतं. पेटी आता समुद्रात होती.

"तिकडे आपल्या दारात चिंचेचं झाड आहे," निकानोर शांतपणे म्हणाला. "आई त्याच्याच सावलीत बसून पाकीट फोडेल."

"गप्प बसा! आता मी आयुष्यभर भातच लावू?"

ती तणतणत अंगणात आली. कुंपणापलीकडे शेजारच्या गुड्रूनबाई रुबार्बचे लालसर देठ कापत होत्या. केकमध्ये घालतात, एवढंच पेर्लिताला ठाऊक होतं. तिनं एक तुकडा मागून चावला. डावा डोळा आपोआप मिटला. खांदा उडाला.

तिनं अख्खा भारा मागून घेतला.

देठ उकडून, घोटून, गाळून तिनं पातेल्यात ओतले. त्यात कांदा, टोमॅटो, मुळा, पालक. आणि कारखान्यात ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे, अशी सामन माशाची सहा जाडजूड डोकी.

सणाच्या जेवणाला सभागृहात मनांग दितासनी वाटीत निरखून पाहिलं.

"गुलाबी का गं?"

"टोमॅटो, मनांग."

मनांगनी डाव्या हातानं चमचा तोंडाला लावला. सिनिगांगची परीक्षा जीभ घेत नाही, खांदे घेतात. सगळे जेवायचे थांबले. मनांगचा एक डोळा मिटला, मग दुसरा. आणि खांदे असे उडाले, की प्लास्टरमधला हातही उडाला.

"आई गं!" त्या कळवळल्या. "कुठली ही चिंच?"

"गुड्रूनबाईंच्या कुंपणाजवळची."

मनांगनी वाटी तळापर्यंत संपवली. मग वाटी पुढे केली.

"माशाचा डोळा माझा. आणि पुढच्या वर्षी भात मी लावीन." थोडं थांबून म्हणाल्या, "जरा मऊ होतो, आधीच सांगून ठेवते."

लोक हसले, वाट्या पुढे आल्या, आणि पातेलं खरवडायला निकानोर सगळ्यांच्या आधी पोचला.

ऑगस्टमध्ये सासूबाईंचा फोन आला.

"काय चिंच पाठवलीस गं! शेजारीण दोन पाकिटं मागून घेऊन गेली. परदेशातली ती परदेशातलीच! आपल्या झाडाला मेली ही चव नाही."

पुढच्या पेटीत पेर्लितानं चिंचेच्या पाकिटांसाठी एक कोपरा आधीपासूनच राखून ठेवला.