शेवटची पट्टी

आमच्या शाळेत धर्माचे पाठ आखायचं काम माझ्याकडे आहे आणि त्याचा एक कडक नियम आहे: बाईंनी स्वतःचं मत मधे आणायचं नाही. वर्गात नाना श्रद्धांच्या घरची मुलं, त्यामुळे माझं प्रत्येक वाक्य "काही लोक मानतात की" असंच सुरू होतं. ही सवय इतकी अंगवळणी पडली की घरीही सुटेना. भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, चहा करून कसा झालाय विचारायचे. मी म्हणायचे, काही लोकांना गोड वाटेल. मग ते कप पुढे धरून विचारायचे, "आणि बाईंचं काय?" मी सरळ उत्तर कधीच दिलं नाही. त्यातच तर गंमत होती.

सुट्टीत भाऊजी गेले. भर दुपारी, रस्ता ओलांडताना. ताई लेकीला घेऊन माझ्याकडे राहायला आली. त्या लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती कधी एका जागी टिकली नाही. आता जिथे बसवू तिथे बसते. हे मला बघवत नाही.

त्यात भिंगरी सहावीत, माझ्याच वर्गात. सहावीला आम्ही आयुष्याचे टप्पे शिकवतो. पहिल्याच दिवशी मी भिंतीवर रंगीत कागदाच्या पट्ट्या लावते: जन्म, नाव ठेवणं, मोठं होणं, लग्न, मृत्यू. पुढे काय येणार हे मुलांना आधीच कळलेलं बरं, असं माझं म्हणणं. यंदा पट्ट्या लावल्या तेव्हा शेवट फार लांब वाटला होता. बघता बघता लग्नाचा पाठ संपत आला.

ताईने स्वयंपाकघरात मला गाठलं. म्हणाली, "तिच्यासमोर तो पाठ नको घेऊस." मी लगेच हो म्हटलं. जरा जास्तच लगेच, कारण मलाही तो घ्यायचा नव्हता. आमच्या घरात भाऊजींचं नावच निघत नव्हतं. भिंगरीने काही विचारलं की ताई उठून जायची, गॅस बंद आहे का बघायला. मग मीही कपाट आवरायला घ्यायचे. एवढं टापटीप कपाट आयुष्यात कधी नव्हतं.

पण नवा पाठ काही आखून होईना. टेबलाशी बसायचे, उठायचे, पाणी प्यायचे, पेन्सिलींना टोक करायचे. टोक असलेल्यांनाही करायचे. शेवटी मृत्यूच्या जागी यात्रा घ्यायचं ठरवलं. लोक कुठे जातात, का जातात, सोबत काय नेतात. मुलांनी छोटी पिशवी भरून आणायची, असा उपक्रमही सुचला. इतका साळसूद पाठ की माझाच मला राग आला. मुख्याध्यापिकांना सांगायला गेले, कारण बाकीच्या तुकड्याही माझ्याच आखणीवर चालतात. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, हा बदल मुलीसाठी की तुमच्यासाठी. मी म्हटलं, मुलीसाठीच, आणि तणतणत बाहेर पडले. खरं बोलणाऱ्यांचा मला फार लवकर राग येतो.

मुलं यायच्या आत मी शेवटची पट्टी काढून टेबलाच्या खणात टाकली आणि यात्रेची लावली. भिंगरी आत आली, जागेवर बसली, भिंतीकडे बघत राहिली. मी पिशवीचं सांगायला सुरुवात करते न करते तोच तिने हात वर केला.

"बाई, शेवटची पट्टी कुठे गेली?"

शाळेत ती मला मावशी म्हणत नाही, तसं आमचं ठरलं आहे. मी म्हटलं, यंदा क्रम बदलला.

"मी त्या पाठासाठीच थांबले होते," ती म्हणाली. "घरी विचारलं की सगळे उठून जातात. वर्गात तरी कोणी उठून जाणार नाही."

माझे पाय खरंच दाराकडे वळले होते. ते मी कसेबसे थांबवले. खण उघडला, पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि मला येतं तेच सुरू केलं. काही लोक मानतात की माणूस पुन्हा जन्म घेतो. काही लोक मानतात की तो देवाकडे जातो. काही लोक मानतात की सगळं तिथेच संपतं. आवाज बरा लागला होता. मला वाटलं, निभावलं.

"आणि बाईंचं काय?"

तिने मुद्दाम म्हटलं की तिच्याही तोंडात ते बसलं होतं, मला माहीत नाही. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मला मात्र समोर पुढे केलेला कप दिसला. नियम पाठ होता, तरी म्हटलं, "मला माहीत नाही गं. ते कुठे असतील, मला खरंच कळत नाही. मला त्यांची फार आठवण येते."

भिंगरी जागेवरून उठली, टेबलापाशी आली आणि माझ्या हाताला हात लावून उभी राहिली.

"मलापण," ती म्हणाली.

संध्याकाळी ताईने चहा करता करता, पाठमोरी राहूनच, विचारलं, आज काय शिकवलंस. मी म्हटलं, तोच पाठ. तिचा हात थांबला. ती पदराला हात पुसत बाहेर निघाली, पण भिंगरीने तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती.

"ताई," मी म्हटलं, "आज उठून जाऊ नकोस. चहा भाऊजी करायचे तसा होत नाही, एवढंच मला आधी बोलू दे."

ताई बसली.