कोलशेतचं तीर्थ आणि सुदेशची स्कूटर

दर शनिवारी सकाळी कोलशेतला खाडीलगतच्या एका पत्र्याच्या शेडसमोर तीस-चाळीस स्कूटर रांगेत उभ्या असतात. कुणाच्या हँडलला झेंडूची माळ, कुणाच्या आरशाला लिंबू-मिरची. भोंग्यावर भजन इतकं मोठं, की शेजारच्याशी बोलायला कानाशी तोंड न्यावं लागतं. बंद पडलेली गाडी ढकलत पडद्याआड नेतात. चार तास तिची 'शुद्धी' चालते. मग भगव्या कफनीतले इंजिनबाबा ती बाहेर आणवतात, कडुलिंबाच्या काडीने तिचं बटण दाबतात आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. लोक हात जोडतात. त्यांत शिकलेसवरलेले निम्म्याहून जास्त असतात, आणि माझं डोकं फिरतं ते त्यामुळेच.

मी त्र्यंबक. आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरिंग शिकवलं आणि आता वर्तकनगरात निवृत्त होऊन बसलोय. या रांगेशी माझा संबंध आला तो शेजारच्या शीलावहिनींमुळे. त्यांचे यजमान सुदेश गेल्या वर्षी दिवाळीनंतर अचानक गेले. मागे राहिली त्यांची स्कूटर, आणि ती चालवणारी त्यांची मुलगी संचिता. ती एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. पहाटे सहापासून उपाशीपोटी म्हातारी माणसं तिची वाट बघत बसलेली असतात. यंदाच्या पावसाळ्यानंतर ही स्कूटर सारखी बंद पडू लागली. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, आठवड्याभरात नवीही मेली. या नव्या गाड्यांचा पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी पार झोपली की किक मारूनही उपयोग नाही.

मग कुणीतरी वहिनींना कोलशेतचा पत्ता दिला.

बाबांनी बॅटरीवर हात ठेवून डोळे मिटले म्हणे. "माई, गाडी म्हणजे नुसतं लोखंड नाय. तिलापण नाडी असते. तुमच्या मालकांचा जीव अडकलाय हिच्यात. पोरगी चालवते ते त्यांना पसंत नाय, म्हणून ते चालू देत नाहीत. सात शनिवार तीर्थ घाला. तरी नाही सुटले, तर गाडी इथे चरणी सोडून जा."

तीर्थ म्हणजे तांब्याभर खाडीचं पाणी. हँडलच्या फटीतून ते गाडीच्या पोटात सोडायचं. दर शनिवारी अभिषेक व्हायचा, गाडी चार दिवस धावायची आणि पाचव्या दिवशी आडवी पडायची. वहिनींना त्यात नवऱ्याचा राग दिसायचा. "मुलीने घरी बसावं असंच त्यांच्या मनात असणार," असं त्या म्हणू लागल्या. इकडे लॅबवाल्याने बजावलं, आणखी एकदा उशीर झाला तर येऊच नकोस.

मी हे ऐकलं आणि तोल गेला. जिन्यातच ओरडलो, "वहिनी, सुदेश हयात असताना त्याने पोरीला कधी मोठ्या आवाजात हाक मारली नाही, आणि मेल्यावर बॅटरी उतरवतोय? अक्कल गहाण टाकलीत का?" त्यांनी दार लावून घेतलं. पुढचे दहा दिवस बोलल्या नाहीत. तीस वर्षं शिकवूनही मला एवढं कळलं नाही, की दुःखातल्या माणसावर खेकसून त्याचं मन बदलत नाही.

पाच शनिवार उलटल्यावर संचिता आली. "काका, आरडाओरडा नको. तुमचा व्होल्ट मोजायचा मीटर द्या आणि कसा लावायचा ते सांगा."

लाल तार बॅटरीच्या अधिक टोकावर, काळी उणे टोकावर. एवढंच सांगितलं. सहाव्या शनिवारी गाडी बाबांकडून आली तेव्हा आकडा बारा पॉइंट सात व्होल्टवर होता. मग रोज फेऱ्या संपल्यावर ती आकडा घ्यायची. साडेबारा. बारा पॉइंट दोन. मग बाराच्या खाली.

"आता इंजिन चालू ठेव आणि ॲक्सिलरेटर दे," मी म्हटलं. "आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा."

चढला नाही. तिथल्या तिथे राहिला.

"म्हणजे काय?"

"सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठव. खालचा पंप बिघडला तरी नळाला पाणी येतं, टाकी रिकामी होईपर्यंत. तुझी गाडी चालताना बॅटरी भरतच नाहीये. आहे ते संपतंय."

तिने इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "मग शनिवारी भरतं कोण?"

सातव्या शनिवारी आम्ही वहिनींबरोबर गेलो. गाडी चरणी सोडायची होती, म्हणून त्यांनी नारळ घेतला होता. संचिताने बाबांना हात जोडून विचारलं, "बाबा, शेवटचाच दिवस आहे. शुद्धी आईसमोर करता का?"

"देवाचं काम उघड्यावर होत नाय, बेटा. नाडी बिथरते."

मला नाड्यांची चर्चा करायची नव्हती. मी सरळ जाऊन पडदा ओढला. आत दहा-बारा स्कूटर, सगळ्यांच्या सीट वर केलेल्या आणि प्रत्येकीच्या बॅटरीला चार्जरचे चिमटे. भिंतीवर विजेचे बोर्ड, चार्जरचे पंखे घरघरतायत. ती घरघर ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर भोंगा.

मला वाटलं, आता रांग मोडेल. रांगेतला एक गृहस्थ काय म्हणाला? "अहो, बाबा मेहनतपण घेतात. नुसत्या मंत्रावर नाही बसत." दोनचार जणांनी मान डोलावली. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. वहिनीही खालच्या आवाजात म्हणाल्या, "चार्जर असेल हो भावजी. पण ह्यांचा राग उतरवतात तर बाबाच ना?"

"आई, गाडी सोडायच्या आधी दहा मिनिटं दे," संचिता म्हणाली. तिने रस्त्याच्या कडेला स्क्रू काढून पुढचं आवरण उघडलं. इंजिनातली वीज बॅटरीला लागेल अशी करून पाठवणारा रेग्युलेटर तिथे असतो. त्याचा प्लग करपलेला होता आणि आतल्या पिना पांढऱ्या-हिरव्या मिठाने खाल्लेल्या. पावसाळ्यात तो थोडा जळला असणार. त्यावर सहा शनिवार खाडीचं खारं पाणी. रोग साधा होता, तीर्थाने तो पक्का केला. गाडी पाचव्या दिवशी बंद पडायची ती त्यामुळे.

मी प्लग कापला, तारा खरवडून जोडल्या, टेप गुंडाळली. मीटरच्या दोन्ही तारा वहिनींच्या हातात दिल्या. "तुम्हीच धरा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

बॅटरीत पंपापुरता जोर अजून उरला होता; संचिताने किक मारून गाडी सुरू केली आणि ॲक्सिलरेटर दिला. आकडा चढत गेला. तेरा. साडेतेरा. चौदा पॉइंट एक.

वहिनी आकड्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे ते रागावले नव्हते?"

"नाही वहिनी. एक तार जळली होती, बस."

त्या रस्त्यातच रडल्या. संचिताही. नोकरी वाचली, गाडी वाचली, याचा मला आनंद झाला. पण त्याहून जास्त संताप आला. या माणसाने एका विधवेला सात आठवडे पटवून दिलं, की तिचा मेलेला नवरा स्वतःच्या मुलीवर डूख धरून आहे. चार्जरची लबाडी मी एक वेळ विसरेन, हे नाही विसरणार.

बाबांची रांग अजून लागते. म्हणून हे लिहितोय. गाडी बंद पडली तर आधी बॅटरी मोजा, मग इंजिन चालवून पुन्हा मोजा. मीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि वापरायला दोन मिनिटांत शिकता येतो. बिघाड तारेत शोधा. आपली गेलेली माणसं आपल्यावर प्रेम करून गेलीत, त्यांच्यावर आळ घेऊ नका.