तीन वाजेपर्यंत

“तोंड मिट. आता हलू नकोस,” असं म्हणत नेलिदाने वहिनीच्या ओठांवरून लाल लिपस्टिक फिरवली.

देल्मिरा अंत्यविधीच्या हॉलमागच्या बाथरूममध्ये आरशापुढे उभी होती. भिंतीपलीकडे तिचा नवरा एव्हारिस्तो शवपेटीत निजला होता आणि माणसं कॉफी पीत हळू आवाजात त्याच्याबद्दल बोलत होती. काळा ड्रेस तिने उतरवून ठेवला होता. अंगात नणदेचा हिरवा कोट होता, बाह्या दोन बोटं लांब.

“मला नाही जमायचं गं हे.”

“न जमायला काय झालं? लॉकर तुमचा, कागद तुमचा. माझ्या दादाला आल्बापासून लांब कुठेतरी ठेवायचंय का? गुमान जा. त्या लॉकरवाल्या बेनिग्नोने विचारलंच, तर दादा घरी आहे, गुडघा धरलाय म्हणावं.”

आल्बा म्हणजे देल्मिराची मुलगी. एकुलती एक. एकोणिसाव्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेली. तिच्यासाठी नवराबायकोने दफनभूमीत एक लहानशी दगडी कोठी विकत घेतली होती, आत तीन जागा असलेली. गेली बावीस वर्षं पोर तिथे एकटी होती. मालकीचा मूळ कागद दाखवल्याशिवाय दफनभूमीवाले त्या कोठीचं दार उघडत नसत, आणि तो कागद लॉकरमध्ये होता.

असा कागद कोणी लॉकरमध्ये ठेवतं? एव्हारिस्तोने ठेवला होता. ज्या वर्षी ब्वेनोस आयरेसमधल्या बँकांनी लोकांची खाती गोठवली आणि माणसं पातेली बडवत रस्त्यावर आली, त्या वर्षापासून त्याचा कशावरच भरवसा उरला नव्हता. घराचा कागद, लग्नाचा दाखला, कोठीचा कागद, सगळं उचलून त्याने एका खाजगी कंपनीच्या तळघरात, दोघांच्या नावावर घेतलेल्या लॉकरमध्ये नेऊन ठेवलं. धारक वारल्याचं कंपनीला कळलं की लॉकरला सील लागतं, मग कोर्टाचा हुकूम येईपर्यंत महिनेच्या महिने जातात, हे त्यालाही माहीत होतं. शहरात सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणून तर घरात कोणी गेलं की बायका आधी लॉकरकडे धावत आणि मग घरी येऊन रडत. दफन दुपारी तीनला ठरलं होतं आणि आता दहा वाजले होते.

देल्मिरा टॅक्सीत बसली तेवढ्यात नेलिदा खिडकीशी वाकली.

“आणि हो, पेपरातल्या निधनवार्तेची काळजी नको. मी रात्रीच फोन करून दिली. आज छापून आलीये. नावं, वेळ, सगळं नीट आहे.”

देल्मिराने कपाळावर हात मारून घेतला.

“अगं बाई! नेलिदा, काय केलंस हे!”

“का? नाही दिली तर लोक नावं ठेवतात!”

आता बोलून उपयोग नव्हता. तळघरातला बेनिग्नो रोज सकाळी सगळ्यात आधी निधनवार्ता वाचायचा. लाल पेन्सिल हातात घेऊन, ओळ न् ओळ. कंपनीने त्याला तेच काम नेमून दिलं होतं. दर मंगळवारी देल्मिराला घेऊन लॉकर बघायला गेला की एव्हारिस्तो त्याची फिरकी घ्यायचा. “काय रे, आज आहे का मी त्यात?” आणि बेनिग्नो पेपरातून मान वर न करता म्हणायचा, “नाही साहेब, आज जागा भरलीये. पुढच्या आठवड्यात बघू.” मग दोघं खो खो हसायचे. देल्मिराला तो विनोद कधीच आवडला नव्हता.

ती जिना उतरली तेव्हा बेनिग्नो टेबलाशी बसला होता. पेपर समोरच होता, घडी घातलेला, खेळाचं पान वर. लाल पेन्सिल पेपरवर आडवी ठेवलेली.

“या बाई. आज एकट्याच?”

“हो. हे घरी आहेत. गुडघा...” तिचा आवाज चिरकला. “गुडघा धरलाय त्यांचा.”

“या हवेत धरणारच,” बेनिग्नो म्हणाला आणि त्याने नोंदीचं कार्ड पुढे सरकवलं.

वर एव्हारिस्तोच्या सह्या ओळीने होत्या, शेवटची गेल्या मंगळवारची. सहीच्या बाजूला नेहमीचा रकाना होता: दुसरे धारक हयात आहेत का? आजवर तो एव्हारिस्तोच न वाचता भरायचा. आज तिने तिथे ‘होय’ लिहिलं आणि पेन तिथेच टेकवून ठेवलं. पेन उचललं की संपलं, असं काहीतरी तिच्या मनात आलं. शाईचा ठिपका पसरत गेला. बेनिग्नोने घाई केली नाही.

लॉकर उघडून तो बाहेर गेला. आत पाकिटं होती, प्रत्येकावर एव्हारिस्तोच्या टपोऱ्या अक्षरात नाव. ‘घर’. ‘लग्न’. तिसऱ्यावर जुन्या, फिकट शाईत ‘आल्बा’. त्याखाली निळ्या, ताज्या शाईत त्याने आणखी दोन शब्द लिहिले होते: ‘आणि आम्ही’. गेल्या मंगळवारी? त्याला काही जाणवलं होतं का? मला का नाही बोलला मेला? तिने पदरासारखी कोटाची लांब बाही तोंडात धरली. रडायचं नव्हतं. लाल डोळ्यांनी बाहेर गेलं तर सगळंच फुकट जायचं. पाकीट पर्समध्ये घालून तिने लॉकर बंद केला.

“झालं?” बेनिग्नोने विचारलं.

“झालं. येते मी.”

ती जिन्यापाशी पोचली तेव्हा त्याने मागून हाक मारली.

“बाई, आज पेपर वाचायला जरा उशीरच होणारे मला. बरीच कामं पडलीत. तीन वाजून गेल्यावर बघेन म्हणतो.”

देल्मिरा थांबली. तीनची वेळ तिने त्याला सांगितली नव्हती.

ती वळली. बेनिग्नो उभा होता, दोन्ही हात पेपरवर दाबून.

“तीनपर्यंत?” तिने विचारलं.

“तीनपर्यंत. तोवर तुम्ही लिहिलंय तसंच आहे, बाई. हयात आहेत साहेब.”

काल रात्रीपासून सगळे तिला रड, रड म्हणत होते आणि तिला रडू येत नव्हतं. आता ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली, पाकीट पोटाशी धरलं आणि मोठ्याने रडली. बेनिग्नोने तिच्या बाजूने जिना चढून वरचा दरवाजा लावून घेतला.