पूजेला न बसलेला फळा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. लाकडाचा, काळा, आणि खरं सांगायचं तर पक्का मत्सरी. अफझलगंजच्या एका सुताराने मला घडवलं. तिथून रिक्षाच्या टपावर बसून मी चिक्कडपल्लीला मीनाताईंच्या शिकवणीत आलो आणि त्यांच्या भिंतीवर राज्य केलं.

मीनाताई इंग्रजी शिकवतात. जर-तरची वाक्यं फिरवून लिहायला शिकवावीत तर त्यांनीच. मुलांनी घरात ऐकलेलं वाक्य आणायचं, माझ्यावर इंग्रजीत लिहायचं आणि अर्थ तोच ठेवून त्याचं रूप पालटायचं. 'अनलेस'मध्ये नकार आधीच असतो, तरी 'इफ'चं 'अनलेस' करताना मुलं 'नॉट' हमखास तसंच ठेवत. ताई ते बोटाने पुसत आणि सगळे हसत. "फळ्यावर लिहिलं की डोक्यात बसतं," असं त्या म्हणाल्या की मी फुगून जाई.

मग त्यांच्या मुलाने, तेजसने, टॅब आणून दिला. झालं! मला उतरवून कपाटामागे ढकललं. त्याला मखमली पिशवी आणि माझ्या अंगावर कोळ्याची जाळी! मुलं त्याच्याभोवती गोळा झाली की माझा नुसता जळफळाट होई. एवढासा जीव, पण तोरा केवढा!

गेल्या दसऱ्याला तर कहर झाला. ताईंनी पाटावर पुस्तकं मांडली, मध्ये टॅब ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडू आणि जम्मीची, म्हणजे शमीची, पानं वाहिली. ते कुंकू इतकी वर्षं माझं होतं हो! मला रडू आलं.

संध्याकाळी शिकवणीतली तेजश्री धावत आली. दुसऱ्या दिवशी तिचा दहावीच्या फेरपरीक्षेचा इंग्रजीचा पेपर होता; आधी ती त्यातच नापास झाली होती. तिच्या वडिलांनी, एकनाथरावांनी, बजावलं होतं, "या खेपेला पास झाली नाहीस, तर कॉलेज विसर आणि दुकानात बस."

"काकू, जर-तरचा धडा टॅबवर एकदा दाखवा ना. सगळं विसरले!"

ताईंनी कपाळाला हात लावला. "अगं, तो पूजेत आहे. पूजेतलं उद्या सकाळपर्यंत हलवायचं नसतं."

"जरासा घेतला तर?"

"नक्को बाई! पुस्तकंसुद्धा तिथंच आहेत."

तोंडी समजावून पाहिलं, पण पोरीला काही उमजेना. ती रडायलाच लागली. तेवढ्यात ताईंची नजर कपाटामागे गेली. "थांब, फळ्याची कुठे पूजा केलीय आपण!"

मला ओढून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं. तेजश्रीने वडिलांचंच वाक्य लिहिलं आणि फिरवताना 'नॉट' तसंच ठेवलं. ताईंनी बोटाने पुसलं. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा चुकली, पुन्हा पुसलं. शेवटी वाक्य बिनचूक उतरलं आणि ती हसली. मी पाटाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बस तिथंच फुलं लेवून!

तेजश्री पास झाली, कॉलेजात गेली. यंदा दसऱ्याला ती भेटायला आली, तेव्हा ताई हार घेऊन माझ्याकडेच वळल्या होत्या. तिने त्यांचा हात धरला.

"काकू, याला नका पूजेत बसवू. आज कुणी माझ्यासारखी रडत आली तर?"

ताईंनी हार टॅबला घातला.

खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलंच. पण मित्रांनो, तुमच्या घरीही कपाटामागे माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला बाहेर काढा, पुसा, वापरा. हार नसला तरी चालेल. फक्त त्या टॅबसमोर एकदा मोठ्याने म्हणा, की फळाच बरा!