ओले हातमोजे आणि मनगटातली मी

मी एक जुनी पहारेकरी पेशी आहे. लँगरहान्स पेशी हे माझं भारदस्त नाव. मित्रांनो, चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या ज्योतीरामच्या उजव्या मनगटाच्या कातडीत मी राहते. गाय, कुत्रा, उंदीर, सगळ्या सस्तन प्राण्यांच्या कातडीत माझ्यासारख्या पेशी असतात. आमच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात, शास्त्रज्ञ त्यांना प्रतिजन म्हणतात. काम मात्र घाणेरडं. लांब हात पसरून बसायचं, कुणी उपरा शिरला की त्याला गिळायचं आणि त्याचा तुकडा अंगावर मिरवत बगलेतल्या गाठीपर्यंत जायचं. तो पाहून तिथल्या लढवय्या पेशी जाग्या होतात. तिथे गेलेली बहीण, म्हणजे शेजारची माझ्यासारखी पेशी, परत येत नाही.

मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचं आंबूस पाणी, लोखंडाचा चुरा, घामाचा चिकटा, सगळं मी सोसलं. पण त्या हातमोज्यांची शिसारी अजून जात नाही! शिफ्ट सुटताना एकाने काढायचे आणि दुसऱ्याने तेच चढवायचे, अशी तिथली रीत. एके दिवशी मशीनवरून उतरलेल्या दौलतरावांनी आपले हातमोजे पुढे केले.

"राव, जरा ओले आहेत. चालवून घे."

"चालतंय की," म्हणत ज्योतीरामने हात आत घातला. शी! आत उबट, बुळबुळीत ओल आणि दौलतरावांच्या नायट्याची बुरशी. तिचा किळसवाणा घास आम्ही घेतला. मी पहाऱ्यावर राहिले, बहिणी गाठीकडे निघाल्या, मनगट लाल झालं, खाज सुटली. खाज ही आमची आरोळी असते.

थेरगावला घरी ज्योतीरामची तान्ही मुलगी होती, श्रद्धा. "अहो, हा हात बाळाला लावू नका," त्याची बायको नीला म्हणाली. लेकीला घेता येईना म्हणून त्याचा जीव कासावीस झाला. डॉक्टर टाळून त्याने मित्राने सांगितलेली ट्यूब आणली. तिच्यात स्टेरॉइड होतं. ते तेलकट मलम येताच आम्ही बधिर झालो, कितीतरी जणी संपल्या. लाली गेली, खाज गेली.

"गेला बघ नायटा!" म्हणत त्याने ट्यूब ठेवून दिली आणि बाळाला कडेवर घेतलं. बुरशी तिथेच मजेत चरत होती आणि मला हूं की चूं करता येईना. मला माझीच किळस आली.

ट्यूब थांबली तशी मला हळूहळू शुद्ध आली. एका सकाळी नीलाला बाळाच्या मानेवर लाल कडं दिसलं. "तुमचं या मलमानंच गेलं ना? बाळाला पण लावते," म्हणत तिने ट्यूबचं झाकण काढलं.

बाळाच्या मानेतल्या कोवळ्या पेशी नुकत्या ओरडायला लागल्या होत्या, आणि आता त्यांच्या तोंडात बोळा बसणार होता! उरल्यासुरल्या बहिणींसह मी जिवाच्या आकांताने आरोळी ठोकली. ज्योतीराम कराकरा मनगट खाजवू लागला. स्वेटरची बाही वर सरकली. कोपरापर्यंत कडीच कडी उठली होती.

"थांब नीला! गेलं न्हाई माझं. नुसतं दडलं होतं."

नीलाने ट्यूब फेकून दिली.

मित्रांनो, दुसऱ्याचे ओले हातमोजे घालू नका आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय खाजेचं तोंड बंद करू नका. दवाखान्याच्या वाटेवर बाळ मान घासत किंचाळत होतं. एवढ्या घाणीत जन्म काढून मला पहिल्यांदाच एखादा आवाज गोड लागला. तिच्या पेशी जाग्या होत्या.